गावातील वाचकासाठी ब्लॉग : मांडणी कशी असावी?

धुऱ्यावरून (हिंगणघाट तालुका, जि. वर्धा)

नमस्कार मंडळी,

शेतीविषयी मराठीत लिहिणारे ब्लॉग आता बरेच आहेत. तरीही आमच्या भागातील कापूस उत्पादकाला खरोखर काही विचारायचे असते तेव्हा तो व्हॉट्सॲपच्या गटात विचारतो, आणि जे पहिले उत्तर येईल त्यावर विसंबून फवारणी करून मोकळा होतो. त्या उत्तराला तारीख नसते, ठिकाण नसते, आणि चार गटांतून फिरून आल्यावर ते मुळात कोणी लिहिले हेही कळत नाही. कोरडवाहू हलक्या जमिनीसाठी दिलेला सल्ला भारी ओलिताच्या जमिनीवर वापरला जातो. गेल्या वर्षीचा सल्ला यंदाचा म्हणून पुढे ढकलला जातो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा त्यामागे अनेक कारणे होती; पण कोणते औषध कशात मिसळावे आणि कशात मिसळू नये याची खात्रीची माहिती योग्य वेळी हाती नसणे हेही त्यांपैकी एक होते, असे मी मानतो.

म्हणून मला ब्लॉग हे माध्यम अजूनही महत्त्वाचे वाटते. ब्लॉगवरील प्रत्येक नोंदीला स्वतःचा कायमचा पत्ता असतो, तिच्यावर तारीख असते, आणि चूक आढळली तर त्याच पानावर दुरुस्ती करता येते. फिरत्या संदेशात यांपैकी काहीच शक्य नाही. एकदा सुटलेला चुकीचा संदेश परत बोलावता येत नाही.

मात्र ब्लॉगची जी जन्मजात रचना आहे, ती आपल्या वाचकाच्या विरुद्ध जाते. नवे वर, जुने खाली, अशी ही रचना आहे. १९९९ मध्ये ब्लॉगर सुरू झाले, २००३ मध्ये ते गूगलने घेतले आणि त्याच वर्षी वर्डप्रेस आले; या सगळ्या साधनांनी रोजनिशीचा नमुना समोर ठेवला. जो वाचक रोज येतो आणि ‘आज नवीन काय’ असे विचारतो, त्याच्यासाठी ती रचना योग्य आहे. शेतकरी वाचक तसा येत नाही. तो पात्या (फुलकळ्या) लागल्या की येतो, बोंड धरताना येतो, आणि मधले दोन महिने फिरकतही नाही. जूनमध्ये त्याला गेल्या जूनमधील नोंद हवी असते. पण तिच्यावर अकरा महिन्यांच्या इतर नोंदी साचलेल्या असतात, आणि बाजूच्या पट्टीत वर्ष व महिना लिहिलेली जी जुनी यादी असते, तिच्याकडे मोबाइलवर कोणाचे लक्ष जात नाही, कारण मोबाइलवर ती पट्टी एक तर दिसतच नाही किंवा पार तळाशी जाते.

माझा प्रस्ताव असा आहे की, आपण सर्व मिळून लिहितो त्या ब्लॉगचे मुखपृष्ठ नक्षत्रांनुसार असावे. आमच्याकडे आजही पेरणी, डवरणी, खत यांचा हिशेब मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य असाच चालतो. मृग साधारण ७-८ जूनला लागतो, आर्द्रा २१-२२ जूनला, पुष्य १९-२० जुलैला. प्रत्येक नक्षत्र सुमारे तेरा-चौदा दिवसांचे. इतक्या काळात पिकाची एक अवस्था नेमकी बसते. वाचकाने ‘मघा’ उघडले की कपाशीतील फुले, डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली फुले) आणि कामगंध सापळे (नर पतंगांना गंधाने ओढणारे) यांविषयी आतापर्यंत लिहिलेले सर्व काही, कोणत्याही वर्षीचे असो, एका ठिकाणी दिसावे. आणि प्रत्येक नोंदीशेजारी ती कोणत्या वर्षीची, हे ठळक लिहिलेले असावे.

दुसरी गोष्ट नोंदीच्या पहिल्या परिच्छेदाची. आपला वाचक मुखपृष्ठावरून आत येत नाही. कोणीतरी गटात टाकलेल्या दुव्यावरून तो थेट एका नोंदीवर उतरतो. त्याला ब्लॉगचे नाव माहीत नसते आणि लेखक कोण हेही माहीत नसते. म्हणून पहिल्या तीन ओळींतच पीक, अवस्था, जमीन, तालुका, निरीक्षणाची तारीख आणि लिहिणारा स्वतः शेती करतो की नाही, एवढे आले पाहिजे. उदाहरणादाखल: ‘कोरडवाहू कपाशी, भारी काळी जमीन, पेरणी आर्द्रा नक्षत्रात. ही नोंद पेरणीनंतर पंचेचाळीस दिवसांनी, सापळे लावताना केली आहे. ओलिताच्या मे महिन्यातील लागवडीला ती लागू नाही.’ यातील शेवटचे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण ज्याच्यासाठी ही नोंद नाही त्याला ते आदराने तिथूनच परत पाठवते.

याबाबत आपली मते हवी आहेत. विशेषतः ज्यांनी छपाईचे किंवा अक्षरजुळणीचे काम केले आहे, त्यांनी मोबाइलवरील मराठी मजकुराविषयी लिहावे.

---

अक्षरजुळणी (अमरावती)

भाऊ, नक्षत्रांची कल्पना मनापासून पटली. माझे काम लग्नपत्रिकांपासून ग्रामपंचायतीच्या अहवालांपर्यंत मराठी मजकूर जुळवण्याचे आहे, त्यामुळे तुम्ही ज्या विषयावर विचारले आहे त्यावर सविस्तर लिहितो.

देवनागरीच्या ओळीला वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार अशा दोन्ही बाजूंनी जागा लागते. रोमन लिपीसाठी ठरवलेले ओळींमधील अंतर तसेच ठेवले, तर वरच्या ओळीतील उकार खालच्या ओळीतील रफारावर येऊन टेकतो आणि डोळा ओळ चुकतो. अक्षराच्या उंचीच्या किमान दीडपट, शक्य असल्यास पावणेदोनपट अंतर ठेवावे. अक्षरांमधील अंतर मात्र कधीही वाढवू नये. रोमन शीर्षकांत ते शोभते, पण आपल्याकडे त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द सुटा-सुटा दिसतो. दोन्ही बाजूंनी समान केलेला मजकूर वर्तमानपत्राच्या रुंद पानावर चालतो. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर, मराठीतील लांब सामासिक आणि प्रत्यय लागलेल्या शब्दांमुळे, ओळीत मोठी भगदाडे पडतात. मजकूर डावीकडेच लावावा.

रंगाविषयी थोडे सांगतो. आजकाल पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांची पद्धत आहे. ती वातानुकूलित खोलीत बसून पाहणाऱ्याला चांगली दिसते. सप्टेंबरच्या उन्हात, शेतात उभे राहून, धुळीने माखलेल्या काचेवर ती अक्षरे दिसतच नाहीत. संकेतस्थळांच्या सुलभतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील तफावत किमान ४.५ ला १ असावी असे म्हटले आहे. आपण त्याहून बरेच पुढे जाऊन सरळ काळ्या अक्षरांवर यावे.

आता आपल्याच भागाची एक अडचण. ‘पऱ्हाटी’ (म्हणजे कपाशी), ‘वऱ्हाडी’, ‘धुऱ्यावर’ या शब्दांतील जो अर्धा र आहे, तो संगणकात दोन प्रकारे साठवला जातो. एका प्रकारात खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह असते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पण पानावर ‘पऱ्हाटी’ शोधताना वाचकाच्या कळफलकाने एक प्रकार लिहिला आणि लेखकाने दुसरा वापरला असेल, तर शोध रिकामा परत येतो. वाचकाला वाटते की इथे पऱ्हाटीबद्दल काहीच नाही. आपल्या सर्व लेखकांनी एकच प्रकार ठरवून घ्यावा आणि जुन्या नोंदी त्यानुसार एकदा बदलून घ्याव्यात. मी पहिल्या प्रकाराच्या बाजूने आहे, कारण अदृश्य चिन्ह नक्कल करताना अनेकदा गळून पडते आणि मग ‘पर्हाटी’ असे भलतेच रूप उरते.

फॉन्टसाठी ‘मुक्त’ किंवा ‘नोटो’ यांपैकी कोणताही एक पुरेसा आहे. दोन्ही मोफत आहेत. पण एकच वजन (म्हणजे अक्षराची जाडी) घ्यावे, फार तर दोन. प्रत्येक जादा वजनाची फाइल वाचकाला स्वतःच्या डेटातून उतरवून घ्यावी लागते.

---

मृगबहार (वरुड, जि. अमरावती)

कपाशीला नक्षत्रे जुळतील. संत्र्याला तेवढ्याने भागणार नाही. आमच्याकडे आंबिया आणि मृग असे दोन बहार (फुलोऱ्याचे हंगाम) आहेत. आंबियाची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि मृगाची जून-जुलैत, त्यामुळे एकाच तारखेला शेजारच्या दोन बागा वेगळ्या अवस्थेत असतात. जूनच्या पानावर एका बागेसाठी फळगळीची नोंद हवी, तर दुसऱ्यासाठी ताण (बागेचे पाणी बंद ठेवणे) तोडून पहिले पाणी देण्याची. संत्र्यासाठी नक्षत्राच्या आधी बहार निवडण्याची सोय ठेवावी, नाहीतर वाचक चुकीच्या नोंदीवर जाईल. बाकी मांडणी उत्तम आहे.

---

पारावरून (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

चर्चेचा सूर मला मान्य आहे, पण मूळ गृहीतकावर शंका घेतो. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला, आणि आमच्या गावातील लोक वाचनाकडून सरळ व्हिडिओकडे गेले. साठीच्या पुढचे अनेक शेतकरी अक्षर ओळखतात, पण पानभर वाचायचा कंटाळा करतात. डोमकळी कशी ओळखायची, हे वीस ओळींत सांगण्यापेक्षा कळी उघडून दाखवली तर क्षणात समजते. अशा वाचकांसाठी लिखित ब्लॉगवर एवढी मेहनत घेण्यापेक्षा तीच मेहनत व्हिडिओवर का घेऊ नये? हा प्रश्न मी विरोधासाठी विचारत नाही. माणसे थोडी आहेत, वेळ थोडा आहे, तो कुठे लावायचा हे ठरवले पाहिजे.

---

धुऱ्यावरून

दादा, आपला प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही.

डोमकळी दाखवण्यासाठी चित्रच हवे, याविषयी माझे दुमत नाही. तिथे व्हिडिओही न लागता एक स्वच्छ छायाचित्र पुरते: पाकळ्या एकमेकींना चिकटून गुंडाळलेल्या, आणि आत अळी. पण गुलाबी बोंडअळीचा निर्णय केवळ ओळखण्यावर होत नाही, तो मोजण्यावर होतो. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत आणि सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात रोज आठ किंवा त्याहून अधिक पतंग सापडले, अथवा दहा टक्के फुले-बोंडे किडकी दिसली, तर उपाय करावा, अशी शिफारस आहे. हे चार आकडे व्हिडिओत आठव्या मिनिटाला येतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच आकडा हवा असेल तर माणसाने काय करायचे? पूर्ण व्हिडिओ पुन्हा पाहायचा, की आठवणीवर विसंबून राहायचे? लिखित पानावर बोट फिरवले की आकडा सापडतो, आणि तो शेजाऱ्याला दाखवता येतो.

शिवाय आपण वाचक म्हणजे एकटा बसून वाचणारा माणूस असे धरून चाललो आहोत. आमच्याकडे तसे होत नाही. संध्याकाळी एखादा बारावीचा मुलगा किंवा सून मोबाइलवरचे मोठ्याने वाचते आणि घरातले बाकीचे ऐकतात. म्हणजे आपला मजकूर डोळ्यांइतकाच कानासाठी आहे. हे एकदा मान्य केले की लेखनाचे अनेक प्रश्न आपोआप सुटतात. ‘कि.ग्रॅ./हे.’ असे लिहिले की वाचणारा मुलगा अडखळतो. ‘एकरी इतके किलो’ असे लिहिले की वाक्य सरळ जाते. कृषी विद्यापीठाच्या शिफारशी हेक्टरमध्ये असतात आणि आमचा माणूस एकरात विचार करतो. एक हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर, तेव्हा हेक्टरी पाच सापळे म्हणजे एकरी दोन. हा भागाकार वाचकावर सोडू नये, आपणच करून द्यावा, आणि हेक्टरचा मूळ आकडा त्याच्या खाली ठेवावा म्हणजे कोणाला ताडून पाहता येईल. औषधाच्या मात्रेबाबत मात्र भागाकारही आपण करू नये; डब्यावरील माहितीपत्रकातील मजकूर जसाच्या तसा द्यावा आणि तारीख टाकावी.

वाचण्याचा कंटाळा करणाऱ्यांसाठी मोबाइलमध्ये मजकूर वाचून दाखवण्याची सोय असते. पानाच्या संहितेत (कोडमध्ये) भाषा मराठी असल्याची नोंद केली नाही, तर तो आवाज मराठी मजकूर हिंदीच्या वळणाने वाचण्याची शक्यता राहते. अक्षरजुळणी भाऊंनी यावर थोडे लिहावे.

---

अक्षरजुळणी

होय, ती नोंद आवश्यक आहे आणि एका शब्दाचे काम आहे. तिचा आणखी एक फायदा म्हणजे, ज्या फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी व हिंदी अशी दोन्ही वळणे असतात, तिथे मराठी वळण दिसू लागते. शाळेत ज्या वळणाने गिरवले तेच समोर आले की वाचनाचा वेग वाढतो, असा माझा छपाईतील अनुभव आहे.

नोंदीच्या पत्त्याविषयीही आताच सांगून ठेवतो, कारण पत्ता एकदा ठरला की बदलणे कठीण होते. ब्लॉगरवर शीर्षक देवनागरीत दिले तर पत्त्यातून ती अक्षरे वगळली जातात आणि सगळ्या नोंदींचे पत्ते जवळजवळ सारखे दिसतात. वर्डप्रेसवर देवनागरी पत्ता राहतो, पण तो नक्कल करून गटात चिकटवला की प्रत्येक अक्षराच्या जागी टक्केचिन्हांसह नऊ चिन्हे येतात. एका शीर्षकाचा पत्ता अर्धा पडदा व्यापतो आणि लोकांना तो फसवणुकीचा दुवा वाटतो. म्हणून पत्ता छोटा आणि रोमन लिपीतच ठेवावा: पीक, नक्षत्र, वर्ष. ब्लॉगरवर पत्ता हाताने ठरवण्याची सोय दिलेली आहे, ती प्रसिद्ध करण्यापूर्वी वापरावी. आणि दुवा गटात टाकल्यावर खाली जे छोटे चित्र व दोन ओळींचा सारांश येतो, तो स्वतः लिहावा. अनेक वाचक फक्त तेवढेच वाचतात.

---

झाडीपट्टी (लाखांदूर तालुका, जि. भंडारा)

मी प्राथमिक शाळेत शिकवतो. भाषेबद्दल एक विनंती आहे.

आमचा भाग धानाचा. इथे ‘पुनर्लागण’ कोणी म्हणत नाही, रोवणी म्हणतात. ‘रोपवाटिका’ म्हणत नाहीत, पऱ्हे म्हणतात. आणि शेताच्या एकेका तुकड्याला बांधी म्हणतात. परिपत्रकातील भाषा जशीच्या तशी ब्लॉगवर आली, तर वाचक तिला सरकारी कागद समजून बाजूला ठेवतो. दुसरीकडे, संपूर्ण नोंद झाडीबोलीत लिहिली तर तिकडे हिंगणघाटात ती अडेल. मला वाटते, वाक्यरचना प्रमाण मराठीची असावी आणि वस्तूंची व कामांची नावे त्या-त्या भागातील असावीत. नोंद ज्या तालुक्याची, नावे त्या तालुक्याची. शेवटी शोधणाऱ्यांच्या सोयीसाठी इतर भागांतील नावे एका ओळीत द्यावीत. मृगातील पऱ्ह्यांपासून पुष्यातील रोवणीपर्यंतच्या नोंदी लिहिण्याची जबाबदारी मी घेतो.

---

मेळघाटवाट (धारणी तालुका)

गुरुजींच्या म्हणण्यात थोडी भर घालतो. आमच्याकडच्या अनेक घरांत बोलण्याची भाषा कोरकू आहे आणि मराठी शाळेतून आलेली आहे. अशा वाचकाला लांब जोडवाक्य जड जाते, पण आकडा, चित्र आणि क्रम चटकन समजतो. शिवाय अनेक गावांत नेटवर्क फक्त टेकडीवर किंवा रस्त्यावर मिळते. तिथे पान एकदा उघडले की ते घरी आल्यावरही उघडे राहिले पाहिजे. छायाचित्रे लहान करून टाकावीत, आणि मजकूर चित्रांची वाट न पाहता आधी दिसावा. मजकुराचेच चित्र करून टाकू नये. ते मोठे करून पाहता-पाहता वाचक थकतो, आणि त्यातील एकही शब्द शोधात सापडत नाही.

---

ग्रंथपाल (वणी तालुका, जि. यवतमाळ)

आपण सर्वांनी वाचकाचा विचार केला, तसा पानाच्या आयुष्याचाही करावा. मोफत जागा देणाऱ्या सेवा बंद होतात. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाले आणि त्यावरील असंख्य घरगुती पाने गेली. काही स्वयंसेवकांनी आणि इंटरनेट आर्काइव्हने जेवढी उतरवून घेतली, तेवढीच उरली. १ जुलै २०१३ रोजी अनेक ब्लॉगांच्या नव्या नोंदी एका जागी दाखवणारे गूगल रीडर बंद झाले, आणि अनेक ब्लॉगांचे नियमित वाचक एका दिवसात वाटेवरून हरवले. ब्लॉगर आणि वर्डप्रेस या दोन्हींतून सर्व नोंदींची एक फाइल उतरवून घेण्याची सोय आहे. दर हंगामाच्या शेवटी ती फाइल किमान दोन ठिकाणी ठेवावी.

माझी दुसरी सूचना छापील प्रतीची आहे. आमचे वाचनालय ‘ड’ वर्गाचे आहे, अनुदान बेताचे असते. तरी एका हंगामाच्या नोंदी छापून, शिवून, टेबलावर ठेवण्याइतके आम्ही नक्की करू. मोबाइल न वापरणारे वाचक आमच्याकडे रोज येतात. ब्लॉगची मांडणी अशी करावी की, छापताना बाजूच्या पट्ट्या, बटणे आणि जाहिराती वगळून फक्त तारीख, पत्ता आणि मजकूर कागदावर येईल. आणि छापील प्रतीच्या समासात वाचक जे लिहितील, ते मी दर महिन्याला आपल्याकडे कळवीन. गावातील माणूस पडद्यावरच्या चौकटीत प्रतिक्रिया लिहीत नाही. हाताखाली पेन्सिल असेल तर मात्र लिहितो.

---

पारावरून

धुऱ्यावरून भाऊ, आपले उत्तर पटले, विशेषतः मोठ्याने वाचण्याचा मुद्दा. ओळखण्याच्या गोष्टींसाठी मी छोट्या चित्रफिती तयार करून देतो, प्रत्येक फीत एकाच गोष्टीची. ती नोंदीच्या आत, मजकुराखाली ठेवावी, आणि फीत चालवल्याशिवाय डेटा खर्च होणार नाही अशी सोय करावी.

---

धुऱ्यावरून

सर्वांच्या सूचनांवरून ‘पुष्य – कपाशी’ या पानाचा कच्चा नमुना तयार केला आहे. दुवा गटात टाकला आहे. वर तीन ओळींची ओळख, मग काळ्या अक्षरांत मजकूर, त्यानंतर सापळ्यांची सारणी, आणि तिच्याखाली ‘दुरुस्त्या’ असा स्वतंत्र भाग. या भागात दुरुस्तीची तारीख, आधी काय लिहिले होते आणि आता काय लिहिले आहे, हे तिन्ही दिसेल. जुना मजकूर गुपचूप पुसला जाणार नाही. शेतात भेटून किंवा फोनवर जे शेतकरी आपला अनुभव सांगतात, त्यांचे म्हणणे त्यांच्या परवानगीने, नाव न देता, तालुका आणि जमिनीचा प्रकार लिहून तिथेच नोंदवायचे आहे. संत्र्यासाठी बहार आधी निवडण्याची सोय ठेवली आहे, ती मृगबहार भाऊंनी तपासावी.

‘हस्त’ आणि ‘चित्रा’ या पानांसाठी अद्याप एकही नोंद नाही. वेचणीच्या काळातील ओला कापूस, प्रतवारी आणि साठवण यांवर ज्यांनी स्वतः काम केले आहे, त्यांनी लिहावे. जानेवारीच्या पुढे फरदड (कपाशीचे तेच पीक पुढे राखणे) का घेऊ नये, यावरची नोंद मी लिहीत आहे.

---

मृगबहार

बागेत उभे राहून, दुपारी, मुलाच्या साध्या मोबाइलवर पाहिले. अक्षर स्पष्ट दिसते, बहार निवडण्याची सोय बरोबर चालते. सापळ्यांच्या सारणीत मात्र चार रकाने आहेत आणि शेवटचा रकाना पडद्याबाहेर जातो. नेमका त्यातच ‘उपाय करावा की नाही’ हे लिहिलेले आहे. तो रकाना पहिला घ्या, किंवा सारणी मोडून प्रत्येक दिवसाची एक ओळ करा. मी ओळीच्या बाजूने आहे. आमच्या घरी मुलगी वाचून दाखवते, आणि सारणी वाचून दाखवता येत नाही.